'ॲनिमल फार्म'मधली क्रांती नेमकी कुठे नासते?

खडूफळा

शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या काही मुलांबरोबर सध्या जॉर्ज ऑर्वेलचं 'ॲनिमल फार्म' वाचतेय. गोष्ट बहुतेकांना माहीत असेलच. जोन्स नावाच्या दारुड्या मालकाला हाकलून जनावरं शेत ताब्यात घेतात, सगळे समान असं भिंतीवर लिहितात, आणि दहाव्या प्रकरणात डुकरं दोन पायांवर चालू लागतात, पुढच्या पायात चाबूक धरून. १९१७ च्या रशियन क्रांतीवरचं हे रूपक. डुकरांचे दोन पुढारी, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, नेपोलियन म्हणजे स्टालिन, हे मुलांनी स्वतःच शोधून काढलं.

मी त्यांना विचारलं, ही क्रांती बिघडते कुठे? सगळ्यांचं एकच उत्तर आलं, नेपोलियन स्नोबॉलवर कुत्रे सोडतो तिथे. मला ते पटत नाही. माझ्या मते ती फार आधी बिघडते, दुसऱ्या प्रकरणाच्या अगदी शेवटी. जोन्सला हाकलून दिलंय, सगळे आनंदात आहेत. गाईंची धार काढायची राहिलीय. डुकरं कशीबशी धार काढतात, फेसाळ दुधाच्या पाच बादल्या भरतात. या दुधाचं काय करायचं, असं कोणीतरी विचारतं. एक कोंबडी सांगते की जोन्स कधीकधी आमच्या खाण्यात थोडं घालायचा. नेपोलियन बादल्यांपुढे उभा राहतो आणि म्हणतो, दुधाचं नंतर पाहू, आधी कापणी. सगळे गवत कापायला जातात. संध्याकाळी येऊन बघतात तर दूध नाही.

ना रक्त, ना आरडाओरडा. पण पुढे जे जे होतं ते सगळं या पाच बादल्यांतून निघतं असं मला वाटतं. आधी हाव येते, मग ती राखायला सत्ता लागते, मग सत्ता राखायला कुत्रे. तुम्हाला काय वाटतं?

लाल डबा

मुलांशी सहमत. कुत्रे. पाचवं प्रकरण. दूध चोरणारा चोर असतो, हुकूमशहा नव्हे.

घाटवाटा

बाई, प्रश्न फार चांगला आहे, पण तुमचं उत्तर मला उलटं वाटतं. हाव आधी आणि सत्ता नंतर असा क्रम पुस्तकात नाहीच. दुधाच्या प्रसंगाच्या थोडंसं आधी डुकरं जाहीर करतात की गेल्या तीन महिन्यांत आम्ही लिहा-वाचायला शिकलो. जोन्सच्या मुलांचं उकिरड्यावर पडलेलं जुनं अंकलिपीचं पुस्तक घेऊन. म्हणजे क्रांतीची तयारी चालू असतानाच अक्षरं एका जातीच्या हातात गेलेली होती. सात आज्ञा, म्हणजे शेताचे नियम, भिंतीवर लिहिणारे तेच, वाचून दाखवणारे तेच, रात्री शिडी लावून बदलणारेही तेच.

बॉक्सर घोड्याचं बघा. सगळ्यांत जास्त ताकद त्याची, आणि त्याची अक्षरओळख पहिल्या चार अक्षरांवर थांबते. क्लोव्हर घोडीला शंका येते की 'पलंगावर झोपायचं नाही' असा नियम होता, पण वाचता येत नाही म्हणून ती म्युरिएल शेळीला बोलावते, आणि तोवर भिंतीवर 'चादरी घालून' हे दोन शब्द वाढलेले असतात. दूध गेलं ही पुढची गोष्ट. ज्याला वाचता येत नाही त्याचं दूध कधी ना कधी जाणारच होतं.

तिरफळ

माझं सगळ्यांत आवडतं पात्र मांजर. पहिल्याच प्रकरणात उंदीर आपले मित्र की शत्रू यावर मतदान होतं, आणि ही बया दोन्ही बाजूंनी मत देते! पुढे शिक्षण समितीत जाते आणि छपरावर बसून चिमण्यांना सांगते की आता सगळे प्राणी भाऊभाऊ, या, माझ्या पंजावर बसा. चिमण्या लांबच राहतात. अख्ख्या शेतात तेवढ्या चिमण्याच शहाण्या.

ओवी

@तिरफळ, हसले खूप. पण खरंच, त्या चिमण्यांवर कुणी लिहायला हवं.

वाचतेय. सविस्तर नंतर लिहिते.

निशिगंधा

खडूफळाताई, तुमच्या बाजूने प्रत्यक्ष लेखकच उभा आहे. ऑर्वेलने डिसेंबर १९४६ मध्ये ड्वाइट मॅक्डोनल्ड या अमेरिकी संपादकमित्राला पत्र लिहिलं, त्यात स्पष्ट म्हटलंय की कथेचं वळण म्हणजे डुकरं दूध आणि सफरचंदं स्वतःसाठी ठेवतात तो प्रसंग, आणि पुढे कंसात एकच शब्द, क्रोनश्टाट. त्याच पत्रात तो असंही सांगतो की क्रांती स्वतःच स्वतःसाठी करावी लागते, प्रेमळ हुकूमशाही नावाची गोष्ट नसते.

क्रोनश्टाटबद्दल थोडं लिहिते, कारण ते समजलं की दुधाचा प्रसंग वेगळाच दिसतो. पेट्रोग्राडजवळचा हा नाविक तळ. १९१७ मध्ये तिथले खलाशी क्रांतीचे कट्टर शिलेदार होते. मार्च १९२१ मध्ये त्याच खलाशांनी बोल्शेविक सरकारविरुद्ध आवाज उठवला. मागण्या काय? सोव्हिएतच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधी मंडळांच्या, निवडणुका पुन्हा घ्या आणि गुप्त मतदानाने घ्या. कामगार-शेतकऱ्यांना बोलण्याचं, छापण्याचं स्वातंत्र्य द्या. आणि कष्ट करणाऱ्या सगळ्यांना सारखं रेशन द्या, धोक्याची कामं करणाऱ्यांचा तेवढा अपवाद. दूध आणि सफरचंदं हीच! लाल सेना बर्फावरून चालून गेली आणि उठाव मोडून काढला. त्या सेनेचा प्रमुख होता ट्रॉट्स्की.

आता पुस्तक पुन्हा उघडा. दूध आणि सफरचंदं डुकरांनाच मिळावीत यावर सगळ्या डुकरांचं एकमत होतं, अगदी स्नोबॉल आणि नेपोलियन यांचंसुद्धा, असं ऑर्वेल मुद्दाम लिहितो. एरवी त्या दोघांचं एकाही गोष्टीत पटत नाही! वाचताना आपण स्नोबॉलला चांगला आणि नेपोलियनला वाईट अशी वाटणी करतो. ऑर्वेलने ती केलेली नाही. कुत्र्यांनी स्नोबॉलचा पाठलाग केला तेव्हा त्याच्या पोटातही तेच दूध होतं.

लाल डबा

हे क्रोनश्टाटचं माहीत नव्हतं. स्नोबॉलही सामील होता हे वाक्य मी वाचलंय, पण त्यावर कधी थांबलो नव्हतो. तरीही कुत्र्यांवरून हटत नाही. एकमताने झालेली चूक एकमताने सुधारता येते. कुत्रे आल्यावर काहीच सुधारता येत नाही.

काळी माती

माझा साहित्याचा अभ्यास नाही, शेती करतो. पण हे पुस्तक मी वाचलंय आणि वाचताना आमच्या भागातला साखर कारखाना डोळ्यांपुढून हलला नाही. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. वडिलांच्या पिढीने गावोगाव पायी हिंडून शेअर गोळा केले. कुणी दागिना मोडला, कुणी बैल विकला. खासगी कारखानदार उसाला मातीमोल भाव देतो, वजनात मारतो, म्हणून आपला कारखाना आपण काढायचा. ती त्यांच्यासाठी क्रांतीच होती, त्या पिढीच्या माणसांच्या तोंडून ऐकलंय.

आता वार्षिक सभा कशी होते? अहवाल आदल्या रात्रीपर्यंत हातात येत नाही. व्यासपीठावरून विषय वाचला जातो, पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो. मागून कोणी उठून ऊसतोडीचा किंवा कर्जाचा प्रश्न विचारायला लागला की गजर वाढतो. तो माणूस बोलतच असतो, पण ऐकू काही येत नाही. पुस्तकातली मेंढरं 'चार पाय छान, दोन पाय घाण' असं कोकलतात ते मी प्रत्यक्ष बसून ऐकलेलं आहे. ऑर्वेलला हे लंडनमध्ये बसून कसं सुचलं असेल याचं मला अजून नवल वाटतं.

घाटवाटा

@काळी माती, प्रतिसाद भिडला. फक्त एक विनंती. हा धागा कारखान्यांच्या राजकारणाकडे वळला तर परत यायचा नाही. त्यावर वेगळा धागा काढाल का? नक्की लिहीन.

काळी माती

काढतो. पण माझं म्हणणं याच धाग्याचं आहे. मेंढरांना कुणी मारलेलं नाही, कुणी विकत घेतलेलं नाही. त्यांना एक सोपं वाक्य शिकवलं, एवढंच. आणि ते वाक्य शिकवणारा नेपोलियन नव्हे, स्नोबॉल. सात आज्ञा पाठ होत नाहीत म्हणून त्याने त्या एका ओळीत बसवल्या. हेतू चांगला होता. पुढे त्याच ओळीने त्याची भाषणं बुडवली.

निशिगंधा

@काळी माती, अगदी! यावर इतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

जुना रेडिओ

सगळं वाचलं. वयाने मोठा आहे, आणि गिरणगावात वाढलोय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

ऑर्वेल हे पुस्तक नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ या काळात लिहीत होता. त्याच युद्धाच्या काळात मुंबईत अण्णाभाऊ साठे स्टालिनग्राडचा पोवाडा गात होते. चाळीतल्या मैदानांवर हजारो कामगार तो ऐकायचे. अमर शेख, गवाणकर आणि अण्णाभाऊंचं लाल बावटा कलापथक १९४४ चं. या माणसांना सोव्हिएत रशिया म्हणजे डुकरांचं शेत वाटत नव्हता. जिथे कष्टकऱ्याला माणूस म्हणून जगता येतं असा तो एकमेव देश वाटत होता, आणि हिटलरला अडवताना त्याची दोन कोटींहून जास्त माणसं मेली. अण्णाभाऊ १९६१ मध्ये तिथे जाऊन आले, प्रवासवर्णन लिहिलं. ते वाचा आणि मग ठरवा.

माझा मुद्दा असा. क्रांती हावेने बिघडते असं म्हणणं फार सोपं आहे. ती भीतीने बिघडते. १९१८ पासून ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, जपान यांच्या फौजा रशियात उतरल्या होत्या. चहूकडून वेढलेलं घर दारं-खिडक्या बंद करून घेतं, आणि बंद घरात एकाचाच आवाज चालतो. आणि शेवटचं, या पुस्तकाचा उपयोग कुणी केला? १९५४ चा कार्टूनपट सीआयएच्या पैशाने निघाला. त्यात शेवटच बदलला, जनावरं डुकरांविरुद्ध पुन्हा उठतात. पुस्तकात डुकरं आणि माणसं यांच्यात फरक उरत नाही, दोघं सारखेच वाईट. हे सीआयएला परवडणारं नव्हतं!

खडूफळा

रेडिओकाका, राग कसला! असं कुणी लिहावं म्हणूनच धागा काढला. अण्णाभाऊ आणि ऑर्वेल एकाच वेळी लिहीत होते हे मी असं शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं. मुलांना सांगणार आहे.

भीतीबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. भीती खरी आहे, हे ऑर्वेलही दाखवतो. जोन्स खरोखर बंदूक घेऊन परत येतो, गोठ्याजवळ लढाई होते, मेंढी मरते. पुढे शेजारचा शेतमालक फ्रेडरिक जनावरांनी बांधलेली पवनचक्की सुरुंगाने उडवतो. पण नेपोलियनची बाजू मांडणारं डुक्कर स्क्वीलर 'जोन्स परत यायला हवाय का?' हा प्रश्न पहिल्यांदा कधी विचारतो? ना लढाईत, ना लढाईनंतर. दूध आणि सफरचंदं आम्ही का खातो हे समजावताना! आम्हाला खरं तर ती आवडतसुद्धा नाहीत, पण आम्ही डोक्याचं काम करतो, आम्ही अशक्त झालो तर जोन्स परत येईल. म्हणजे भीती होतीच, तिचा पहिला उपयोग मात्र बादल्या झाकायला झाला.

आणि ऑर्वेल क्रांतीचा शत्रू होता असं कृपा करून म्हणू नका. १९३६ च्या शेवटी तो स्पेनला गेला आणि फ्रँकोविरुद्ध बंदूक घेऊन लढला. मे १९३७ मध्ये गळ्यातून गोळी आरपार गेली. तो ज्या पोउम या स्टालिनविरोधी डाव्या पक्षाच्या पथकात होता, त्याच्यावर महिन्याभरात बंदी आली. स्टालिनवाद्यांनी कालचे सोबती फॅसिस्टांचे हेर ठरवले, आंद्रेउ निन या नेत्याला पकडून मारलं. ऑर्वेल आणि त्याची बायको कसेबसे सरहद्द ओलांडून निसटले. सातव्या प्रकरणात डुकरं, कोंबड्या, मेंढ्या पुढे येऊन न केलेले गुन्हे कबूल करतात, ती पानं या अनुभवातून आलीत. १९४६ च्या एका निबंधात तो लिहितो की १९३६ पासूनचं माझं सगळं गंभीर लेखन एकाधिकारशाहीच्या विरोधात आणि लोकशाही समाजवादाच्या बाजूने आहे.

जुना रेडिओ

गोळीचं माहीत आहे बाई, आणि त्याबद्दल आदरच आहे. दुधाच्या वेळी जोन्सची भीती दाखवली हे तुमचं निरीक्षण मान्य. विचार करतो.

निशिगंधा

काकांसाठी अजून एक गोष्ट, त्यांना आवडेल. पवनचक्कीच्या स्फोटाच्या वेळी नेपोलियनसकट सगळे जमिनीवर आडवे होतात असं मूळ वाक्य होतं. पुस्तक छापायला जाण्याआधी, मार्च १९४५ मध्ये, ऑर्वेलने प्रकाशकाला कळवून ते बदललं. आता तिथे आहे, नेपोलियन सोडून सगळे आडवे होतात. कारण जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा स्टालिन मॉस्कोत थांबला होता, त्याच्यावर अन्याय नको. ज्याला आपण राक्षस मानतो त्याच्याही धैर्याची नोंद बरोबर असावी असा हा आग्रह. मला हा माणूस म्हणूनच जवळचा वाटतो.

पुस्तक छापायला मात्र कोणी धजत नव्हतं. गोलांझने नाकारलं, जोनाथन केपने आधी होकार देऊन सरकारी खात्याच्या सल्ल्यावरून माघार घेतली, फेबरतर्फे टी. एस. एलियटने नकार कळवला. एलियटचं म्हणणं असं की डुकरं सगळ्यांत हुशार आहेत, तर शेत चालवायला तीच योग्य, फक्त ती जास्त लोकहितदक्ष हवी होती. ऑर्वेलचं सगळं पुस्तक नेमकं याच विचाराविरुद्ध आहे! शेवटी सेकर अँड वॉरबर्गने १७ ऑगस्ट १९४५ ला काढलं.

अवांतर: १९४१ ते ४३ ऑर्वेल बीबीसीच्या पौर्वात्य विभागात होता. तो लिहीत असलेली युद्धवार्तांची समीक्षा मराठीतूनही प्रसारित व्हायची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या वेणू चितळे त्याच्याबरोबर तिथे काम करत होत्या. पुढे त्यांनी 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिली, १९५० ची. मराठी वाचकांनी वेणूताईंना फारच विसरून टाकलंय.

तिरफळ

वेणू चितळेंवर धागा काढाच. आणि ऑर्वेलचा जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा, वडील सरकारी अफू खात्यात. म्हणजे आपलाच की!

दूरदेशी

जोहान्सबर्गमध्ये राहते. इथून पाहताना या विषयाचा आणखी एक पदर दिसतो. शेजारच्या झिम्बाब्वेत रॉबर्ट मुगाबे स्वातंत्र्ययुद्ध जिंकून १९८० मध्ये सत्तेवर आले. गोऱ्यांच्या राजवटीत वर्षानुवर्षं तुरुंग भोगलेला माणूस, लोकांनी डोक्यावर घेतला. ३७ वर्षं राहिले. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांच्याच लष्कराने आणि त्यांच्याच जुन्या सहकाऱ्याने त्यांना उतरवलं, आणि तो सहकारी गादीवर बसला. त्या रात्री लोक रस्त्यावर नाचले होते.

नोव्हायोलेट बुलावायो या झिम्बाब्वेच्या लेखिकेने याच घटनांवर 'ग्लोरी' ही कादंबरी लिहिली, २०२२ च्या बुकरच्या अंतिम यादीत होती. सगळी पात्रं जनावरं. जिदादा नावाचा देश, त्यावर राज्य करणारा म्हातारा घोडा, आणि राज्य राखणारे कुत्रे. पण ऑर्वेलहून एक गोष्ट फार वेगळी आहे. ऑर्वेलच्या शेतात आठवण पुसली जाते, क्रांतीआधी काय होतं हे शेवटी कुणाला धड आठवत नाही. 'ग्लोरी'त डेस्टिनी नावाची शेळी परदेशातून घरी येते आणि १९८० च्या दशकात सरकारी सैन्याने केलेल्या कत्तलींबद्दल आईला बोलतं करते. मेलेल्यांची नावं पानांवर येत राहतात. आणि शेवटी सामान्य जनावरं रस्त्यावर उतरतात. सीआयएने पैसे देऊन चिकटवलेला शेवट आणि स्वतःच्या देशासाठी जीव तुटणाऱ्या लेखिकेने लिहिलेला शेवट यांत मोठा फरक आहे, रेडिओकाका.

२०२३ मध्ये 'ॲनिमल फार्म' शोना भाषेतही आलं, तिथल्याच लेखकांनी मिळून केलं. माझ्या ओळखीच्या झिम्बाब्वेच्या मैत्रिणीने ते आपल्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आई मध्येच म्हणाली, यांना आमच्या गावातलं कुणी सांगितलं?

जुना रेडिओ

दूरदेशी, 'ग्लोरी' मागवतोय. नातू आणून देईल.

रानवारा

चर्चा रशिया आणि ऑर्वेलवर आहे म्हणून बुल्गाकोवची 'हार्ट ऑफ अ डॉग' सुचवतो. १९२५ ची, म्हणजे ऑर्वेलच्या वीस वर्षं आधीची, आणि क्रांतीच्या पोटात बसून लिहिलेली. प्राध्यापक प्रिओब्राझेन्स्की एका भटक्या कुत्र्यात माणसाची ग्रंथी बसवतो आणि कुत्र्याचा माणूस होतो. शारिकोव. तो दारू पितो, शिव्या देतो, घराच्या समितीच्या मदतीने जागेवर हक्क सांगतो आणि शहरातल्या भटक्या मांजरी पकडण्याच्या खात्याचा प्रमुख होतो. हस्तलिखित पोलिसांनी जप्त केलं होतं. रशियात पुस्तक छापलं गेलं १९८७ मध्ये.

पण खरं सांगू? मला बुल्गाकोवचा निष्कर्ष मान्य नाही. कुत्र्याला माणूस करू नका, तो कुत्राच बरा, असं ती कथा म्हणते. खालच्याला वर आणलं की तो बिघडणारच, हा त्यातला सूर मला टोचतो. ऑर्वेलची बाजू नेमकी उलटी आहे. त्याला पुस्तक सुचलं ते एका खेड्यात, युक्रेनी आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलंय. दहाएक वर्षांचा एक मुलगा अरुंद वाटेवरून भलामोठा घोडा हाकत होता, घोडा वळायला गेला की चाबूक ओढत होता. या जनावरांना आपली ताकद कळली तर आपली त्यांच्यावर काहीच सत्ता चालणार नाही, असं त्याला वाटलं. बॉक्सर त्या घोड्यातून आलाय. त्याचा दोष खालून वर येण्यात नाही. 'नेपोलियन नेहमीच बरोबर असतो' असं ठरवून टाकण्यात आहे.

लाल डबा

बॉक्सरला खाटकाच्या गाडीत घालतात ते प्रकरण मी दुसऱ्यांदा वाचू शकलो नाही. त्या पैशातून डुकरं व्हिस्कीची पेटी आणतात.

ओवी

नंतर लिहिते म्हणाले होते, आता लिहिते. मी महिला बचत गटांबरोबर काम करते, त्यामुळे मला हे पुस्तक वाचताना एकच दिसतं, रविवारची सभा.

नवीन गट सुरू झाला की सगळ्या जणी हौसेने येतात. अध्यक्ष, सचिव ठरतात. बहुधा ज्या शिकलेल्या आहेत, बँकेत जायला घाबरत नाहीत, त्याच. ते साहजिक आहे, घाटवाटा म्हणतात तसं अक्षर एका हातात जातं. पण त्याने गट लगेच बिघडत नाही. अध्यक्ष बाईंनी आपल्या जावेला रांग मोडून कर्ज दिलं, तेही होतं, ते दूध. त्यानेही गट मोडत नाही. मी मोडलेले गट पाहिलेत, आणि त्यांत दर वेळी आधी एकच गोष्ट झालेली असते. मासिक बैठक बंद पडते. 'कशाला सगळ्यांनी यायचं, कामं असतात, मी घरोघर येऊन सह्या घेते.' सगळ्यांना बरंच वाटतं. त्यानंतर वहीत काय लिहिलंय ते एकीलाच माहीत.

पाचव्या प्रकरणात कुत्रे स्नोबॉलला हाकलतात हे आपल्याला आठवतं. त्यानंतर लगेच नेपोलियन काय जाहीर करतो ते आठवतं का? रविवारच्या सभा बंद. त्या वेळखाऊ आहेत. यापुढे डुकरांची समिती खाजगीत ठरवेल आणि इतरांना कळवेल. जनावरं रविवारी जमतील, झेंड्याला वंदन करतील, गाणं म्हणतील, आठवड्याचे हुकूम घेतील, चर्चा नाही. माझ्यासाठी क्रांती तिथे संपते. दूध चोरीला गेलं होतं, पण पुढच्या रविवारी कुणीतरी उठून 'दुधाचं काय झालं?' विचारू शकलं असतं. सभा गेली आणि विचारायची जागाच गेली.

आमच्याकडे म्हणून दोन गोष्टींवर मी अडून बसते. हिशोब बैठकीत मोठ्याने वाचायचा, आणि पदं फिरती ठेवायची, सही न येणारीनेही अध्यक्ष व्हायचं. चांगली बाई निवडा असं मी कधीच सांगत नाही. चांगल्याच बायका निवडून येतात, स्नोबॉलसारख्या.

घाटवाटा

ओवी, हा प्रतिसाद जपून ठेवतो. माझ्या अक्षरांच्या मुद्द्याला यात उत्तरही आहे. मोठ्याने वाचलं तर ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याही कानावर जातं. शेतावर तेवढं झालं असतं तरी भिंतीवरचे शब्द बदलताना डुकरांना अडचण आली असती.

फक्त एक प्रश्न उरतो, बेंजामिन गाढवाचा. त्याला डुकरांइतकंच वाचता येत होतं. तो वाचत नाही. वाचण्यासारखं काही नाही म्हणतो. बॉक्सरच्या गाडीवर खाटकाचं नाव दिसतं तेव्हा पहिल्यांदा ओरडून वाचतो, आणि तोवर गाडी निघालेली असते. मला नेपोलियनपेक्षा बेंजामिनचा राग जास्त येतो.

काळी माती

बेंजामिन आमच्या सभेत मागच्या खुर्चीवर बसतो. अहवाल त्याला सगळा कळतो.

खडूफळा

ओवी, घाटवाटा, काळी माती, तुमच्यामुळे या पुस्तकाकडे पाहण्याची माझी नजर रुंदावली. दूध पहिलं, हे मी अजूनही म्हणेन. पण त्या संध्याकाळी मला आता फक्त बादल्या दिसत नाहीत, गवत कापून आलेली जनावरंही दिसतात. दूध नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, असं ऑर्वेल लिहितो. त्यापुढे कुणी काही बोलल्याचं तो लिहीत नाही. सभा तेव्हा चालू होत्या. पुढच्याच रविवारी विचारता आलं असतं.

हे ऑर्वेललाही खटकत होतं असं दिसतं. १९४७ मध्ये बीबीसीवर झालेलं या कथेचं नभोनाट्य त्याने स्वतः लिहिलं होतं, त्यात सफरचंदं सगळी डुकरांनाच का, असं जनावरं आपसांत विचारतात असे चार संवाद त्याने नव्याने घातले होते. वाचकांच्या नजरेतून तो प्रसंग निसटू नये म्हणून. निर्मात्याने ते गाळून टाकले.

निशिगंधा

आणि विचारणारे अगदीच नव्हते असं नाही हो. सभा बंद झाल्या त्या दिवशी चार तरुण डुकरं उठून उभी राहतात आणि निषेध करतात. कुत्रे गुरगुरतात, ती गप्प बसतात, मेंढरं पाव तास कोकलत राहतात. दोन प्रकरणांनंतर कबुलीजबाबांच्या वेळी सगळ्यांत आधी मारली जातात ती तीच चार. त्यांना नावं नाहीत, म्हणून आपण विसरतो. कोंबड्याही लढल्या. आठवड्याला चारशे अंडी विकायचा करार झाला तेव्हा त्या आढ्यावर चढून बसल्या आणि तिथून अंडी खाली फोडली. त्यांचे दाणे तोडले, पाच दिवस टिकल्या, नऊ जणी मेल्या. बाकी शेत त्या पाच दिवसांत काय करत होतं, हे मुलांना विचाराल?

खडूफळा

विचारते. पाचवं आणि सातवं प्रकरण या आठवड्यात परत घेणार आहे, पाचव्याच्या वेळी वर्गात खरी सभा भरवूनच. ओवी, हिशोब मोठ्याने वाचायची तुमची पद्धत जरा सविस्तर लिहाल का? कोण वाचतं, चूक काढायची असेल तर कुणी आणि कशी काढायची, ते सगळं.

ओवी

लिहिते. सचिव वाचत नाही, हे पहिलं. दर महिन्याला दुसरी कुणी वाचते, तिला अडखळत वाचावं लागलं तरी चालेल. प्रत्येकीच्या नावापुढची रक्कम वाचली की ती 'बरोबर' किंवा 'नाही' म्हणते, पासबुक तिच्या हातात उघडं असतं. एकीने जरी 'नाही' म्हटलं तरी पुढचं नाव घ्यायचं नाही. वेळ लागतो, बायका कुरकुरतात, लागू द्यायचा. तुमच्या वर्गात रकमांच्या जागी दुधाची मापं घाला, आणि मेंढरं कोण होणार ते चिठ्ठी टाकून ठरवा.